दर्शनी भिंतीवरचं साल, चिऱ्यावरचा चुना

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या चर्चबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चवर १६०१ साल कोरलेलं आहे. शाळेच्या सहलीसाठी केलेल्या माहितीपत्रकात मात्र १५४६ दिलं आहे. मुलांना कुठलं सांगायचं? — एक शिक्षिका, वसई

दोन्ही सांगा, पण कशाचं कुठलं ते सांगून. १५४६ हे चर्च स्थापन झाल्याचं साल आणि १६०१ ते नव्याने बांधून काढल्याचं. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर बारा वर्षांत हे मुख्य चर्च उभं राहिलं. पन्नासेक वर्षांत वस्ती वाढली, जुनी इमारत पुरेना, म्हणून ती वाढवून घेतली. शिलालेखाचा मतलब असा : १६०१ साली, आर्चबिशप दों फ्रेई आलेशो द मेनेझिस आणि व्हिकार (चर्चचे प्रमुख धर्मगुरू) फादर पेद्रो गाल्व्हाव परेरा हे असताना या चर्चचं नूतनीकरण झालं.

सगळी गंमत शेवटच्या क्रियापदात आहे. पोर्तुगीज लेखात ‘से फेझ’ असेल तर ‘बांधलं’ आणि ‘से रेफोर्मोउ’ असेल तर ‘दुरुस्त केलं, नवं केलं’. साल वाचायच्या आधी क्रियापद वाचायचं. कोकणातल्या कितीतरी चर्चच्या पाट्यांवर दुरुस्तीचं साल स्थापनेचं म्हणून रंगवलेलं आढळतं, ते या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

आकडा झिजला असेल तर अधिकाऱ्याचं नाव कामाला येतं. मेनेझिस १५९५ ते १६१२ या काळात गोव्याचे आर्चबिशप होते. लेखात त्यांचं नाव शाबूत असेल आणि सालाचे शेवटचे दोन आकडे गेले असतील, तरी काळ सतरा वर्षांच्या पट्ट्यात बसतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचं अभिषेचन १६०५ साली झालं, तेही याच मेनेझिसांच्या कारकिर्दीत.

वाचताना अडखळायला होतं ते अक्षरांच्या वळणामुळे. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, ‘जे’च्या जागी ‘आय’. जागा वाचवायला दोन अक्षरं एकाच दांडीवर बसवलेली असतात, जशी आपल्याकडे जोडाक्षरं. अक्षराच्या डोक्यावर नागमोडी रेघ दिसली की तिथे ‘एन’ किंवा ‘एम’ गाळलेला आहे असं समजा. थडग्याच्या शिळेवर ‘आकी जाझ’ म्हणजे ‘इथे विसावला आहे’. ‘सेपुल्तुरा’नंतर नाव आणि पुढे ‘वारसांची’ अशा अर्थाचे शब्द आले, तर ती जागा एका घराण्याने कायमची घेतलेली होती. अशा शिळेखाली एकापेक्षा जास्त दफनं असू शकतात.

फोटो काढताना दुपारचं डोक्यावरचं ऊन नको, फ्लॅश तर नकोच. समोरून उजेड पडला की कोरीव अक्षर सपाट होतं. ऊन भिंतीला घासून येईल अशी वेळ धरा. ते जमत नसेल तर टॉर्च भिंतीलगत, दगडाला जवळजवळ टेकवून धरा आणि चार बाजूंनी चार फोटो घ्या. कॅमेरा हलू देऊ नका, फक्त टॉर्चची जागा बदला. एका फोटोत न दिसलेली रेघ दुसऱ्यात हमखास दिसते. शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे अक्षराची उंची कळते. खडू, पीठ, ओला कपडा, तारेचा ब्रश यातलं काहीही लेखाला लावायचं नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे हे एक कारण. दुसरं असं की खडूची भुकटी खाचेत बसते आणि पुढच्या पावसात शेवाळाला पाय रोवायला जागा मिळते.

जाता जाता एक. वसईतली जुनी माणसं ‘देवळात जाते’ म्हणाली तर त्यांना चर्च म्हणायचं असतं. तुमच्या मुलांना हे घरात ऐकायला मिळत असेल. माहितीपत्रकात तो शब्द यायला हरकत नाही.

रेवदंड्याच्या कोटात पडक्या भिंती पुष्कळ आहेत. कुठलं चर्च कुठल्या पंथाचं हे भिंतीवरून ओळखता येतं का? — अलिबाग

चिन्ह उरलं असेल तर येतं. जेझुइटांचं चिन्ह म्हणजे ‘आय एच एस’ ही तीन अक्षरं. येशू या नावाच्या ग्रीक लेखनातली ती पहिली तीन अक्षरं आहेत. मधल्या अक्षरावर क्रूस आणि बहुधा खाली तीन खिळे असतात. फ्रान्सिस्कनांचं चिन्ह म्हणजे क्रुसापुढे एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हात, एक उघडा आणि एक झग्याच्या बाहीतला, किंवा पाच जखमा. कधी दगडात नुसता दोरखंडच कोरलेला असतो, तीन गाठींचा. तो त्यांच्या कमरेचा. डॉमिनिकनांच्या क्रुसाची टोकं फुलासारखी उमललेली असतात, आणि तोंडात मशाल धरलेला कुत्रा दिसला तर शंकाच नको. ऑगस्टिनियनांकडे बाणांनी विंधलेलं हृदय.

चिन्ह गेलं असेल तर नुसत्या कमानीवरून पंथ सांगू नये. गवंडी तेच, दगड तोच, आणि एका पंथाचं पाहून दुसऱ्यानेही तसंच करून घेतलेलं असायचं. रेवदंड्याचा ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा चौकोनी मनोरा फ्रान्सिस्कन चर्चचा होता. लांबून तो टेहळणीचा बुरूज वाटतो आणि पुष्कळ जण तसंच सांगतात. १७४० च्या तहाने रेवदंडा मराठ्यांकडे आला. त्यानंतर इथल्या बहुतेक चर्चची छपरं उरली नाहीत, आणि छप्पर गेलेली भिंत कोकणच्या पावसात किती दिवस तग धरणार?

आमच्या चर्चला दीडशे वर्षं पूर्ण व्हायला आली आहेत. गिलावा काढून आतला जांभा उघडा ठेवावा, म्हणजे गोव्याच्या बॉम जेझूसारखा जुना ‘लूक’ येईल, असं समितीत ठरत आहे. योग्य आहे का? — सिंधुदुर्ग जिल्हा

नाही. शक्य असेल तर समितीची पुढची बैठक होण्याआधी हे उत्तर सगळ्यांना वाचून दाखवा.

बॉम जेझूचा जो लाल-तपकिरी चेहरा आज फोटोत दिसतो, तो बांधणाऱ्यांनी योजलेला नव्हता. १५९४ साली त्याचं काम सुरू झालं आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षं त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या सुमारास एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने इमारत ‘प्राचीन’ दिसावी म्हणून तो उतरवला. तेव्हापासून जांभा दर पावसाळ्यात पाणी पितोय आणि दर उन्हाळ्यात थोडा थोडा झडतोय. गिलावा परत घ्यावा ही मागणी गोव्यातले वास्तुविशारद करत आले आहेत. म्हणजे तुम्ही ज्याची नक्कल करायला निघालात, ती मुळातली चूक आहे.

जांभ्याचा स्वभाव असा की खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. या टणकपणावर लोक भाळतात. पण चिरा आडवा फोडून पाहा : आत वाळवीने पोखरल्यासारखी भोकं आणि त्यांत पिवळसर, मऊ माती. पाणी त्या भोकांतून आत जातं, मऊ भाग धुऊन नेतं आणि कडक जाळी तेवढी मागे राहते. मग ती जाळीही बोटाने तुटते. शेतातल्या गडग्याला हे चालतं, चार चिरे बदलले की झालं. चर्चच्या भिंतीत चिरा बदलणं म्हणजे वरचं ओझं टेकूंवर घेऊन आतला दगड काढणं.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं, म्हणून दोन दगडांत त्यांनी कामं वाटून दिली होती. भिंतीचं वस्तुमान जांभ्याचं, वर चुना. खांब, चौकटी, कॉर्निस (भिंतीतून पुढे आलेली आडवी पट्टी) आणि कोरीव पट्टे, म्हणजे जिथे धार आणि नक्षी हवी तिथे काळा दगड. जांभ्यात पानाफुलाची नक्षी टिकत नाही, छिन्नी लागली की भोकाशी तुकडा उडतो. बॉम जेझूच्या दर्शनी भागातलं काळ्या दगडाचं काम पाहा. तो दगड वसईच्या बाजूने समुद्रमार्गे गोव्याला नेलेला आहे. जांभ्याच्या देशात काळा दगड गलबतातून आणायचा खर्च कोणी उगाच केलेला नाही. त्या दर्शनी भिंतीवर डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि कंपोझिट अशा युरोपीय स्तंभशैली वापरल्या आहेत. गिलावा होता तेव्हा पांढऱ्या भिंतीवर काळी नक्षी उठून दिसत असणार. गिलावा उतरल्यावर लाल खडबडीत पोतात ती अर्धी बुडाली. आता सौंदर्याच्या बाजूनेही हिशेब करा.

तुमच्याकडे चौकटी कशाच्या आहेत ते आधी पाहा. त्या काळ्या दगडाच्या असतील आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा ऑइलपेंट चढलेला असेल, तर सणासाठी तेवढाच रंग उतरवून घ्या. रंग काढायचं रसायन लावून, प्लास्टिकच्या पट्टीने, सावकाश. ग्राइंडर लावू देऊ नका. भिंतीला चुना आणि चौकट काळी, याहून जुना ‘लूक’ कोकणात दुसरा नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चला खालून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. आता ओल त्याच्याही वर चढली आहे, पापुद्रे निघतात, पांढरी भुकटी येते. दर वर्षी वॉटरप्रूफ रंग देतो, उपयोग नाही. — रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतून तीन पत्रं

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतली ओल भिंतीत चढताना सोबत क्षार आणते. भिंतीला चुना असतो तेव्हा पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार चुन्याच्या थरात साठतात आणि दहा-वीस वर्षांनी तो थर बदलला की भिंत पुन्हा नवी. झिजायचं काम चुन्याचं, दगडाचं नव्हे. सिमेंटने ही वाट बंद केली. पाणी बाहेर पडायला जागा शोधत सिमेंट संपतं तिथपर्यंत चढलं, म्हणून तुमची ओल चार फुटांच्या वर दिसते. क्षार सिमेंटच्या मागे दगडाच्या तोंडाशी स्फटिक होऊन फुगतात आणि चिऱ्याचा चेहराच सिमेंटसकट सुटून येतो. वॉटरप्रूफ रंग म्हणजे यावर आणखी एक झाकण. रंग थांबवा, एवढं काम तर आजच करता येईल.

भिंतीला हात लावण्याआधी पाणी येतं कुठून ते शोधा. छपरापासून सुरुवात करा. कौलं सरकलेली, पन्हळ पानांनी तुंबलेली, दोन छपरांच्या मधली पत्र्याची नळी गंजलेली. कैचीची तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलेलं आहे आणि गिलाव्याचं काम त्यानंतर. छपराकडे पाहणारं कोणी उरलं नाही की काय होतं याला जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिन साक्ष आहे. १८३५ च्या सुमारास मठ ओस पडला, १८४२ मध्ये दगडी छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत गेली, आणि आज सेहेचाळीस मीटरचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे.

छपरानंतर जमीन. बाहेरचं अंगण भराव घालून जोत्याच्या वर आलं आहे का? भिंतीला लागून पेव्हर ब्लॉक किंवा कोबा केला आहे का? जमिनीतली ओल पूर्वी अंगणातून उडून जायची. वर कोबा आला की तिला भिंतीचाच रस्ता उरतो. भिंतीपासून दोन-अडीच फुटांची पट्टी उकरा, जोत्याच्या खाली न्या, त्यात खडी भरा आणि ढाळ बाहेरच्या बाजूला द्या. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच अर्धी ओल उतरते.

आता गिलावा. दिवाळीनंतर सिमेंट उतरवा. छिन्नी-हातोडीने, तिरक्या फटक्याने, ब्रेकर न लावता. जिथे ते चिऱ्याला घट्ट धरून आहे आणि ओढलं तर दगड तुटेल, तिथे यंदा सोडून द्या. मग भिंत निदान महिना-दीड महिना उघडी वाळू द्या. लोणा येत राहील, तो कोरड्या ब्रशने झाडून सुपात भरून बाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो परत आत जातो. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, वीस-पंचवीस मिलिमीटर खोल खरवडा.

चुना विकत घेताना पिशवीतली भुकटी आणि कळीचा (न विरवलेला, ढेकळांचा) चुना यांत फरक करा. काम कळीच्या चुन्यानेच करायचं. पिंपात आधी पाणी, त्यात चुना थोडा थोडा. उलटं केलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून वर चार बोटं पाणी राहील असा महिनाभर तरी ठेवा, तीन महिने ठेवलात तर लोण्यासारखा होतो. घाईने वापरलेल्या चुन्यात न विरलेली कणी राहते. ती गिलाव्यात सहा महिन्यांनी फुटते आणि तिथे बोराएवढा खड्डा पडतो. गवंडी त्याला ‘चुना फुलला’ म्हणतात आणि दोष पावसाला देतात.

रेती नदीची. कोकणात सर्रास खाडीची रेती येते आणि निम्मा लोणा तिच्यातूनच भिंतीत जातो. दुसरी मिळत नसेल तर गोड्या पाण्याने तीन वेळा धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणी गाळून काळ्या ताटलीत दोन चमचे घ्या, शेजारी दुसऱ्या ताटलीत तुमच्या विहिरीचं दोन चमचे, आणि दोन्ही उन्हात वाळवा. रेतीच्या ताटलीत पांढरा डाग जास्त राहिला तर पुन्हा धुवा.

वरच्या भिंतीला प्रमाण एक भाग चुना, तीन भाग रेती. खालच्या तीन-चार फुटांना आणि पावसाची झड बसते त्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग रेती. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. सुरखीला सिमेंट चिकटलेल्या पाडकामाच्या विटा चालत नाहीत. दोन थर मिळून वीस मिलिमीटर जाडीचा एक-तीनचा गिलावा धरला, तर खडबडीत जांभ्यावर शंभर चौरस फुटांना आठेक घनफूट माल बसतो. त्याला रेती आठ घनफूट आणि चुन्याचा गाळ पावणेतीन घनफूट घ्या. बेरीज चुकली असं वाटेल, पण चुना रेतीच्या फटींत मावतो, घनफळ वाढत नाही. मिश्रण पूर्वी घाणीत मळत, दगडी चाक बैलाने फिरवून. आज रोलरचं मिक्सर मिळालं तर उत्तम, नाहीतर फावड्याने कुटून कुटून. काँक्रीटच्या ड्रमात नुसता घोळ होतो, पाणी जास्त पडतं आणि गिलाव्याला भेगा जातात. गूळ, बेलफळ, हिरडा यांबद्दल तिन्ही पत्रांत विचारलं आहे. जुन्या कामात ते असे, पण प्रमाण हाताला बसलेला गवंडी नसेल तर घालू नका. जास्त झालेल्या गुळावर बुरशी धरते.

लावण्याआधी भिंत शिंपडून ओली करा. कोरडा जांभा चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि थर खडूसारखा भुसभुशीत होतो. आधी दर्जा भरून घ्या, मग दहा-बारा मिलिमीटरचा पहिला थर, तो अंगठ्याने दबत नाही पण नखाने ओरखडतो इतका झाला की दुसरा. गोणपाट लावून दहा-बारा दिवस ओलसर ठेवा. वरून पाइपने मारा नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला वेळ लागतो. म्हणून काम फेब्रुवारीअखेर संपवायचं, म्हणजे पावसाआधी तीन महिने मिळतात. एप्रिलमध्ये सुरू केलेला चुन्याचा गिलावा जूनमध्ये अंगणात वाहून आलेला दिसेल. वर चुन्याचे पातळ हात चार ते पाच, प्रत्येक हात दुधासारखा पातळ. एकच जाड हात दिला तर तो पापुद्र्याने सुटतो. पहिल्या पावसाळ्यात झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधा, घराला बांधतो तसे.

गवंडी सांगेल, ‘चुन्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल.’ टाकू देऊ नका. त्याने ताकद फारशी येत नाही, श्वास मात्र जातो. जुना चुना की सिमेंट हे ओळखायला चाकूचं टोक पुरे : चुन्यात चरा पडतो, सिमेंटवर टोक घसरतं.

नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्या चर्चमधली म्हणतात. तसं असेल तर आमच्या गावच्या देवळातली जुनी घंटाही तशीच असेल का? — पेण

नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे आणि ती वसईकडची मानली जाते. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूसह मारियेची आकृती उठवलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. घंटा गाव बदलते हे चर्चच्या जगातही नवं नाही. सेंट ऑगस्टिनची घंटा १८४१ पासून तीस वर्षं आग्वादच्या दीपस्तंभात होती आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे.

तुमच्या घंटेकडे जवळून पाहा. चर्चच्या घंटेवर अक्षरं कोरलेली नसतात, उठावदार असतात; कारण ती साच्यातच घातलेली असतात. पायऱ्यांच्या चौथऱ्यावरचा क्रूस, लॅटिन किंवा पोर्तुगीज शब्दांचा पट्टा, डोक्यावर मुकुटासारख्या कड्या आणि खाली ओठ जाड होऊन बाहेर वळलेला, हे सगळं असेल तर ती तशी असू शकते. नुसती मोठी आणि जुनी आहे एवढ्यावर वसईची म्हणू नका. सागरी व्यापारात जहाजांच्या घंटाही किनाऱ्यावर पुष्कळ आल्या.

वाजती असेल तर ओठाच्या आतून बोट फिरवा. लोळी, म्हणजे आत लोंबणारा टोला, शेकडो वर्षं एकाच जागी आपटून तिथे सपाट खळगा पडलेला असतो. तो खोल झाला की घंटा तिथेच तडकते. उपाय सोपा आहे : घंटा पाव फेरा वळवून पुन्हा टांगायची, म्हणजे लोळी कोऱ्या जागी बसते. आतली लोखंडी कडी गंजून फुगत असेल तर तिच्यामुळे डोक्याला तडा जातो, तीही पाहून घ्या. घंटेचं कांसं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. ते ठिसूळ असतं, वेल्डिंगवाल्याकडे नेलं तर तडा आणखी पळतो. सोनेरी रंग देऊ नका, आवाज बसतो.

वेदीमागच्या सोनेरी लाकडी कामावर धूळ आणि मेणबत्त्यांची काजळी बसली आहे. सणाआधी ओल्या कपड्याने पुसलं तर चालेल? — वसई

पुसू नका. लाकडावर खडू आणि सरसाचा पांढरा थर, त्यावर तांबडी माती, त्यावर श्वासाने उडेल इतका पातळ सोन्याचा वर्ख, असं ते काम असतं. सरस पाण्यात विरघळतो. ओल्या फडक्याच्या एका हाताने वर्ख आणि माती दोन्ही निघून येतात, आणि फडक्यावर तांबडं दिसेपर्यंत कळत नाही. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या, वरून खाली हलक्या हाताने, आणि खाली पडणारी धूळ लगेच गोळा करा. पापुद्रा सुटलेला दिसला तर तिथे ब्रशही नको. काजळीचं काम जाणकार संवर्धकाचं. झिजलेल्या जागी बाजारातला सोनेरी रंग लावू नका, वर्षभरात तो हिरवट-काळा पडतो.

पुढे ठेवलेली सुटी वेदी आणि मागे भिंतीला जुनी वेदी, अशा दोन का, हेही याच पत्रात विचारलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२-६५ नंतर, मिस्सा लोकांच्या भाषेत आणि लोकांकडे तोंड करून होऊ लागली. म्हणून वेदी पुढे आली. जुनी मागे राहिली ते बरंच झालं. काही ठिकाणी ती मोडून तिथे टाइल्स लावल्या आहेत.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या होत्या, काही फुटल्या. नव्या कुठे मिळतील? — वेंगुर्ला

ही शिंपली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, तेव्हा समुद्रातून नव्या काढून घेऊ नका. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या मिळाल्या तर त्यांतल्या वापरा, पावतीसह. शिंपल्या लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवलेल्या असतात. पट्टी काढून बाजूने सरकवा, गोंद किंवा सिलिकॉन लावू नका, कारण लाकूड पावसाळ्यात फुगलं की चिकटवलेली शिंपली तडकते. सगळ्या खिडक्यांना पुरत नसतील तर उरलेल्या शाबूत शिंपल्या दर्शनी बाजूच्या खिडकीत एकत्र करा आणि मागच्यांना दुधी काच बसवा.

किल्ल्यातल्या चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांच्यावरून चालणं अपमान होतो का? — वसई

नाही. त्या चालण्याच्या फरशीतच बसवलेल्या आहेत, लोकांच्या पायाखाली. चर्चच्या आत दफन करण्याची ती रीतच होती. पण आज छप्पर नसल्यामुळे शिळांवर पाऊस थेट पडतो आणि अक्षरं मऊ झाली आहेत. म्हणून वर ट्रायपॉडचे टोकदार पाय, लोखंडी खुर्च्या, मेणबत्त्या ठेवू नका. वितळलेलं मेण अक्षरांत बसलं तर नखाने किंवा चाकूने काढायला जाऊ नका. जागेवरच्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्याला दाखवा.